जीपचा क्रॉस



मी शाळामास्तर. जन्मभर मुलांना पाढे शिकवले. आज तुम्हाला गाडीबद्दल चार गोष्टी सांगणार आहे. मास्तरला गाडीतले काय कळते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण ठेच लागली की माणूस शहाणा होतो. माझी ठेच ऐका.

माझ्या धाकट्या भावाकडे जुनी जीप आहे. शेतावर खत न्यायचे, कापूस आणायचा, सारे तिच्यावरच. एका पावसाळ्यात गिअर टाकून गाडी निघाली की खालून 'टक्' असा आवाज येऊ लागला. भाऊ म्हणाला, "दादा, गाडी वाजते." मी म्हणालो, "अरे, जुनी गाडी वाजायचीच. पेरणी उरकू, मग बघू."

पंधरा दिवस गेले. एका रात्री सूनबाईला कळा सुरू झाल्या. तिला जीपमध्ये घालून बाभुळगावहून यवतमाळला निघालो. अर्ध्या वाटेत धाडकन आवाज झाला. इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना. बॅटरी लावून पाहिले, तर खालचा लांब दांडा तुटून लोंबत होता. पाऊण तास आम्ही पावसात उभे. शेवटी एक ट्रक आला. त्या भल्या माणसाने आम्हाला पोचवले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण तो पाऊण तास मी विसरलो नाही.

काय बिघडले होते? नीट समजून घेऊ.

इंजिनाचा जोर एका लांब दांड्याने मागच्या चाकांकडे जातो. त्याला शाफ्ट म्हणतात. इंजिन एका जागी पक्के असते. चाके मात्र खड्ड्यात खाली जातात, दगडावर वर चढतात. मग सरळ दांडा फिरेल कसा? म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधा असतो. आपले मनगट वळते, तसा तो वळतो. हा सांधा जुना आहे. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७६ साली आपल्या पुस्तकात त्याचे वर्णन केले होते.

सांध्यात अधिक चिन्हासारखा लोखंडी तुकडा असतो. तोच क्रॉस. त्याच्या चार टोकांवर चार वाट्या. प्रत्येक वाटीत बारीक सुया. सुयांना ग्रीस हवे. आपल्या काळ्या मातीचा चिखल आणि नाल्याचे पाणी आत शिरले, की ग्रीस जाते. सुया गंजतात, झिजतात. सांधा ढिला होतो.

आता ओळखायचे कसे? गाडी निघताना 'टक्' वाजते. हळू चालताना चिवचिव ऐकू येते. वेगात खालून थरथर जाणवते. वाटीभोवती लाल गंजाची भुकटी दिसते. यातले एक जरी दिसले, तरी तपासा.

गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन बंद. गाडी न्यूट्रल. चाकांच्या पुढे-मागे दगड लावा. हातब्रेकवर विसंबू नका. पुष्कळ जुन्या जीपमध्ये हातब्रेक या शाफ्टलाच धरतो. शाफ्ट काढला, की गाडी मोकळी! दगड नसतील, तर ती माणसाच्या अंगावरून जाईल.

आता सांध्याच्या अलीकडे एक हात, पलीकडे दुसरा हात धरा. एक हात इकडे, दुसरा तिकडे पिळा. वर-खाली हलवून पाहा. क्रॉस वाटीत हलला, तर तो गेला म्हणून समजा. सबंध शाफ्ट थोडा फिरला, तर घाबरू नका. तेवढी ढिलाई मागच्या दात्यांची असते.

क्रॉस बदलायला मिस्त्रीकडे जा. पण काम समोर उभे राहून करून घ्या. शाफ्ट काढण्याआधी खडूने खुणा करायला सांगा. तो आधी होता तसाच बसला पाहिजे. चुकीचा बसला, तर नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरेल. जुना क्रॉस दुकानात नेऊन मापाचाच नवा आणा. वाटी बसवताना एकही सुई आडवी पडू देऊ नका. वाट्यांची लॉके खाचेत पक्की बसू द्या. मग सांधा हाताने फिरवून पाहा. तो अडकता कामा नये, हलताही कामा नये. दोन-तीन दिवसांनी बोल्ट पुन्हा आवळा.

आणि ग्रीस! आपण बंडीच्या आसाला वंगण देतोच ना? मग जीपने काय पाप केले? ग्रीस देण्यासाठी क्रॉसला निप्पल असते, त्यातून ग्रीस भरा. चिखलापाण्यातून गाडी गेली, तर लवकर भरा.

शेवटची गोष्ट. ग्रीस कोणत्या तारखेला दिले, हे आठवत नाही. मलाही आठवत नसे. आता आमच्या जीपमध्ये एक वही आहे. ग्रीस दिले, की भाऊ तारीख लिहितो. आवाज आला, तर तोही लिहितो. तुम्हालाही आता लिहिता येते. घरात मोटरपंप असेल, ट्रॅक्टर असेल, त्याचीही वही ठेवा.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर मी एकच ओळ लिहिली आहे : 'आज वाजले, आजच बघा.'