मुंबईच्या धक्क्यावर अर्धी झालेली शर्यत

जुन्या काळी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी होडीने पनवेल बंदरास येई आणि तेथून बोरघाटाची वाट धरी. सन १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला, तरी खाडीपुढे चाकाचे काही चालत नसे. जलमार्ग व खुष्कीचा मार्ग यांच्या सांध्यावर वसल्यामुळेच पनवेलची भरभराट झाली. असाच एक सांधा, परंतु उलट दिशेचा, सन १९६८ मध्ये मुंबईने पाहिला.

लंडनच्या ‘डेली एक्सप्रेस’ या वृत्तपत्राचे मालक सर मॅक्स एटकिन यांनी त्या वर्षी लंडन ते सिडनी अशी मोटारशर्यत योजिली. पहिले बक्षीस दहा हजार पौंडांचे होते. २४ नोव्हेंबर रोजी ९८ गाड्या निघाल्या. त्यांपैकी बहुतेक गाड्या गृहस्थांच्या नित्य वापरातल्या घडणीच्याच होत्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या दिल्लीस आल्या. दिल्ली ते मुंबई हे सुमारे १,४०० किलोमीटरचे अंतर तेवीस तासांच्या आत काटावयाचे होते, आणि रस्त्याच्या दुतर्फा लोटलेल्या गर्दीतून वाट काढणे हीच तेथे मोठी कसोटी ठरली.

मुंबईस ७२ गाड्या पोहोचल्या. इंग्लंडचा रॉजर क्लार्क सर्वांच्या पुढे होता. ५ डिसेंबर रोजी ‘चुसान’ ही आगबोट त्या गाड्या घेऊन निघाली व १३ तारखेस ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरास लागली.

तेथे मात्र पारडे फिरले. क्लार्कच्या गाडीचे यंत्र बिघडले. पुढे मागचा आसही निकामी झाला, तेव्हा वाटेत भेटलेल्या तशाच गाडीच्या मालकाकडून तो मिळवावा लागला. क्लार्क दहावा आला. आघाडी मग बेल्जियमच्या ल्युसियन बियांकीकडे गेली. सिडनी जवळ आले असता नौरा गावानजीक त्याची गाडी समोरून आलेल्या एका मोटारीवर आदळली आणि तो जबर जखमी झाला. मागून येणारा पॅडी हॉपकर्क घड्याळाकडे न पाहता थांबला व जखमींच्या मदतीस धावला. विजय स्कॉटलंडच्या अँड्र्यू कोवनला मिळाला. त्याचे दंडगुण ५०, तर दुसऱ्या आलेल्या हॉपकर्कचे ५६.

मुंबईस पहिला येणे म्हणजे शर्यत जिंकणे नव्हे, हे क्लार्कला पुढील भूमीवर कळले. होडीतून उतरल्यावर घाट चढावयाचा उरतोच, हे पनवेलचा जुना वाटसरू पूर्वीपासून जाणून होता. परंतु सहा गुणांनी हुकलेल्या विजयापेक्षा हॉपकर्कचे ते थांबणेच लोकांच्या अधिक स्मरणात राहिले.