सरकारी पगार, काटकसर आणि आपली घरे

(संस्थेच्या कार्यक्रमात अनसिंग, जि. वाशिम येथे केलेले भाषण)



आजचा विषय ठरला तेव्हा काही कार्यकर्त्यांनी विचारले की, आपल्या व्यासपीठावर पगार आणि पेन्शनचा विषय कशाला? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या वस्तीतले कोणतेही एक घर डोळ्यांपुढे आणा. थोरला भाऊ जिल्हा परिषदेचा शिक्षक. धाकटा दोन-अडीच एकरांत सोयाबीन आणि तूर काढतो. घरातली सून अंगणवाडीत मदतनीस आणि पुतण्या वाशिमला खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. सरकारने खर्चाला कात्री लावली की ती या एकाच घरात चार ठिकाणी लागते, आणि प्रत्येकाला वाटते की आपले नुकसान दुसऱ्याच्या ताटामुळे झाले. हे भांडण घरात शिरले आहे, म्हणून ते इथे बोलायचे.

मार्च २०२३ मध्ये ते उघड्यावर आले. १४ मार्चपासून राज्यातील सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले. दाखल्यांची कामे अडली, दवाखान्यांवर ताण आला, शाळांतले वर्ग ओस पडले. मागणी काय होती, हे आमच्याच समाजातल्या पुष्कळांना नीट ठाऊक नाही, म्हणून सांगतो. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी राज्याच्या सेवेत लागलेल्याला निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि वर महागाई भत्ता मिळतो. त्यासाठी पगारातून काही कापले जात नाही. त्या तारखेनंतर लागलेल्याच्या पगारातून दहा टक्के कपात होते, सरकार आपला वाटा घालते, हा वाटा २०१९ पासून चौदा टक्के झाला, आणि तो पैसा बाजारात गुंतवला जातो. शेवटी हातात किती येईल हे बाजार ठरवतो. एकाच शाळेत, एकाच फळ्यावर शिकवणाऱ्या दोन गुरुजींची म्हातारपणे अशी वेगवेगळी झाली.

सरकारचेही म्हणणे होते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले होते की, जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. यावर कर्मचाऱ्यांचा उलट सवाल होता की, एकदा आमदार झालेल्याला जन्मभर पेन्शन मिळते, तेव्हा तिजोरी कशी पुरते? या सवालाचे समाधानकारक उत्तर आम्ही तरी ऐकलेले नाही.

लोकांची प्रतिक्रिया मात्र कर्मचाऱ्यांना अपेक्षित होती तशी नव्हती. त्याच आठवड्यात राज्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. उभा गहू लोळला, हरभरा भिजला, आणि पंचनामे करणारी यंत्रणा संपावर! ज्याचे पीक गेले त्याने कुणाला काय म्हणावे? कोल्हापुरात सुशिक्षित बेरोजगारांनी संपाविरुद्ध मोर्चा काढला. निम्म्या पगारावर काम करायला आम्ही तयार आहोत, असे त्या तरुणांचे म्हणणे होते. चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे तेच, की यांना पगार लाखभर, वर पेन्शन, आणि आमच्या मालाला भाव नाही.

२० मार्चला संप मागे घेतला गेला. माजी सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली, मार्च २०२४ मध्ये सुधारित योजना जाहीर झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली आणि राज्य मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी तिला मान्यता दिली. सात दिवसांच्या संपाने एवढे हलवले. जुन्या कर्मचाऱ्यांना १९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेला संप आठवत असेल. केंद्राइतका महागाई भत्ता मिळावा म्हणून र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली तो चोपन्न दिवस चालला होता.

आता त्या निम्म्या पगाराच्या मोर्चाकडे वळू. ती मुले आपलीच आहेत. त्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण तिशी ओलांडलेला, चार जाहिरातींची वाट पाहिलेला मुलगा निम्मेही मान्य करतो, यात त्याच्या अकलेचा दोष नाही. तरीही त्याचा हिशेब चुकतो असे आम्हास वाटते, आणि तो कसा चुकतो हे बाबासाहेबांनी फार पूर्वी दाखवून ठेवले आहे.

१९३७ साली मुंबई विधानसभेत मंत्र्यांच्या पगाराचे विधेयक आले. महिना पाचशे रुपये हा आकडा काँग्रेसने त्यागाचे प्रतीक म्हणून पुढे केला होता. बाबासाहेब विरोधी बाकांवर होते. स्वस्त मंत्री म्हटल्यावर टाळ्या वाजवणे सोपे होते. त्यांनी उलट विचारले की, पगार कोणत्या कसोटीवर ठरवायचा? समाजाचे राहणीमान, माणसाची कुवत, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता या कसोट्या त्यांनी मांडल्या. पगार फारच कमी ठेवला तर ज्यांच्या घरी आधीच पैसा आहे तेच ती जागा घेऊ शकतील, हा लोकशाहीच्या कसोटीचा अर्थ. मंत्र्याला लागू असलेला हा विचार तलाठ्याला, नर्सला आणि शिक्षकालाही लागू आहे. निम्म्या पगाराची नोकरी दहा एकर ओलिताच्या मुलाला परवडते. भूमिहीनाच्या मुलाला ती घर चालवू देत नाही, आणि मग साहेबाच्या टेबलाखालचा व्यवहार सुरू होतो.

याच बाबासाहेबांनी दहा वर्षे आधी, फेब्रुवारी १९२७ मध्ये, मुंबई कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना शेतकऱ्याची बाजू घेतली होती. उत्पन्न ठराविक मर्यादेखाली असेल तर प्राप्तिकर लागत नाही, पण शेतसारा मात्र पीक बुडालेल्या लहानशा शेतकऱ्यालाही द्यावा लागतो, हा अन्याय त्यांनी दाखवला. कर्मचाऱ्याला योग्य पगार आणि शेतकऱ्याला न्याय, या दोन गोष्टी एकाच माणसाने मागितल्या आणि त्यात त्यास काही विसंगती वाटली नाही. आजच्या वादात एकाची बाजू घेतली की दुसऱ्याचा शत्रू ठरावे लागते, हे कुणी ठरवले?

मित्रहो, काटकसरीची खरी गंमत अशी की, पगार कमी केला तर आरडाओरड होते, पण जागाच भरली नाही तर कुणालाच कळत नाही. करोनाच्या काळात हे दिसले. ३१ मार्च २०२० रोजी घोषणा झाली की लोकप्रतिनिधींना साठ टक्के, अ आणि ब वर्गाला पन्नास टक्के, क वर्गाला पंचवीस टक्के कमी पगार मिळेल, ड वर्गाला पूर्ण. लगेच खुलासा झाला की ही कपात नाही, पगार दोन टप्प्यांत मिळेल. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. मग ४ मेला वित्त विभागाचा निर्णय निघाला. त्या वर्षी अंदाजपत्रकातील खर्चाच्या फक्त तेहतीस टक्केच रक्कम मिळणार होती, आणि आरोग्याची खाती सोडून नवीन भरती बंद. पगाराचा दुसरा टप्पा लोकांच्या खात्यात आला. भरतीची गेलेली वर्षे विद्यार्थ्यांच्या खात्यात कुणी जमा करणार होते? पुढे शासनालाच वयोमर्यादेत सवलत द्यावी लागली.

नंतर ६ सप्टेंबर २०२३ चा निर्णय आला. नऊ खासगी संस्थांमार्फत बाहेरून मनुष्यबळ घ्यायचे. अतिकुशल ते अकुशल अशी १३८ पदनामे त्या यादीत होती. याविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि २० ऑक्टोबरला तो रद्द करण्याची घोषणा करावी लागली. वर्षभराने, नेमक्या शिक्षकदिनी, दुसरा निर्णय आला की कमी पटाच्या शाळांवर निवृत्त किंवा डी.एड., बी.एड. झालेला कंत्राटी शिक्षक महिना पंधरा हजारांवर नेमावा. शिक्षकांनी त्यास विरोध केला, पुढे तोही मागे घेतला गेला. दोन्ही वेळा लोक बोलले म्हणून शासन थांबले, हे विसरू नका.

आपल्या दृष्टीने यात मेख कुठे आहे? १९४३ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८ पूर्णांक १ तृतीयांश टक्के जागा राखीव झाल्या. पुढे संविधानाच्या कलम १६(४) ने या तरतुदीला बळ दिले. पण राखीव जागा ही जागेवर बसलेली असते. मंजूर पद, त्याची जाहिरात, त्याची बिंदुनामावली, असे सगळे असेल तर आरक्षण. ठेकेदाराने पुरवलेल्या माणसाला ना बिंदू, ना जाहिरात. आरक्षणाचा एक शब्दही न बदलता ते रिकामे करता येते. निम्म्या पगारावर तयार असलेल्या मुलाने हे पाहावे. त्याने सोडून दिलेला निम्मा पगार सरकारच्या तिजोरीत जाईलच असे नाही, त्यातला काही ठेकेदाराच्या खिशात जातो. आणि पुढच्या वर्षी दुसरा कुणी पाव पगारावर तयार होतो.

अंगणवाडीच्या भगिनींचे काय? त्या 'मानधनी' म्हणवल्या जातात, त्यामुळे पगाराच्या भांडणात त्यांना कुणी मोजतही नाही. २०२३ च्या वाढीनंतर सेविकेला दहा हजार आणि मदतनिसाला साडेपाच हजार मिळत होते. ४ डिसेंबर २०२३ पासून त्या संपावर होत्या, बावन्न दिवस. पेन्शनच्या सात दिवसांवर जेवढे तोंडसुख घेतले गेले, तेवढी दखल या बावन्न दिवसांची कुणी घेतली नाही, ना गावाने, ना आमच्या नोकरदार बांधवांनी. हे आम्ही इथे बसलेल्या नोकरदारांना उद्देशूनच म्हणत आहोत.

त्यांना आणखी एक सांगायचे आहे. २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत आणि घरभाडे भत्ता घेतात हा मुद्दा काढला, तेव्हा संघटना संतापल्या. गावात राहण्याजोगे घर मिळत नाही, दर्जेदार शाळा नाही, या अडचणी खऱ्या आहेत. तथापि पाच वाजताच्या गाडीने वाशिमला परतणारे गुरुजी आणि डॉक्टर गाव रोज पाहते. संपात गाव पाठीशी उभे राहत नाही, त्याचे मूळ पगाराच्या आकड्यापेक्षा या रोजच्या पाहण्यात अधिक आहे, असे आमचे मत आहे. आमच्यातले काही नोकरदार सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या मुलांना गणित-इंग्रजी शिकवतात. त्यांच्या पेन्शनला विरोध करणारा माणूस आम्हास अजून या वस्तीत भेटला नाही.

शेवटी आणखी एका घटनेचा उल्लेख करतो. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये सुरू झाले. आमच्या घरातल्या माय-बहिणींनाही ते मिळाले, त्यातून कुणाचे औषध आले, कुणाची वही. त्यांची टिंगल आम्हास मान्य नाही. पण मे २०२५ मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये वळवले गेले, आणि खात्याच्या मंत्र्यांनीच, संजय शिरसाट यांनी, जाहीर नाराजी व्यक्त केली. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि निवासी शाळा याच विभागाकडे आहेत. आईच्या खात्यात दीड हजार आले आणि मुलीची शिष्यवृत्ती लांबली, तर त्या घराला मिळाले काय, हे बेरीज-वजाबाकी करून पाहावे लागेल. ती करायला अंदाजपत्रक वाचता आले पाहिजे. ज्यांनी 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती' हा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध केला, त्यांच्या अनुयायांना आपल्या जिल्ह्यात अनुसूचित जाती उपयोजनेचे किती मंजूर झाले आणि किती खर्च झाले हे सांगता येऊ नये?

म्हणून विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. स्पर्धा परीक्षेसाठी तुम्ही अर्थशास्त्र पाठ करताच. या वर्षी संस्थेच्या अभ्यासिकेत एक रविवार सामाजिक न्याय विभागाच्या मागण्यांचे पुस्तक उघडून बसावे. मंजूर पदे किती, भरलेली किती, हे आपल्या पंचायत समितीकडून माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात, आणि दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही लागत नाहीत. अर्जाचा नमुना अभ्यासिकेत ठेवला आहे. निवृत्त बांधवांपैकी ज्यांनी लेखा शाखेत काम केले आहे त्यांनी त्या रविवारी यावे, कारण त्या पुस्तकातील लेखाशीर्षे समजावून सांगणारे माणूस लागेल.