रिपोर्टची वाट पाहताना



स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं…
आणि पुढचे रिपोर्ट यायचेत.
हे दिवस फार जड जातात.

खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे.
तिथे काय, कुठेही काय, तपासणीला वेळ लागतोच.

बायोप्सीचा तुकडा मेणात बसवतात.
त्याचे अगदी पातळ काप काढतात.
मग ते रंगवून बघतात…
गाठ हार्मोनवर वाढते का?
त्यावर औषध ठरतं.

म्हणून, उशीर म्हणजे वाईट बातमी नव्हे.

रिपोर्ट कधी मिळेल, हे आधीच विचारून ठेवा.
शंका वहीत लिहा.
सोबत कुणाला तरी न्या.
शेजारणीच्या मावसबहिणीचं काय झालं, ते मात्र ऐकूच नका!

पुन्हा सांगते…
उशीर म्हणजे वाईट बातमी नव्हे.

आणि झोप उडालीच,
तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.
त्यावरही उपाय असतात.