कुंपणाशी करवंदाची जाळी



सध्या बदलापूर स्टेशनबाहेर ठाकर-कातकरी बाया पाट्या घेऊन बसतात. पानाच्या द्रोणात काळीभोर करवंदं, डोंगरची काळी मैना! लहानपणी आपण करवंद फोडून बघायचो, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. ही काळी मैना तुमच्या कुंपणाशी यावी, एवढंच आज सांगायचं आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा आपला पट्टा. २६ जुलै २००५ला उल्हास नदी घराघरांत शिरली, ते कोण विसरेल? आणि याच गावांत मे महिन्यात आपण टँकरची वाट बघतो. चार महिने धो धो पाऊस, आठ महिने कोरड. तरी कुंपणाला लावतो ते रोज पाणी मागणारं शोभेचं झाड. करवंदाला हे दोन्ही ऋतू अंगवळणी पडले आहेत. मलंगगडाच्या उतारावर, मुरमात, कातळाच्या फटीतही जाळी हिरवीगार असते. पान हातात घेऊन बघा. जाड, चिवट, तुकतुकीत. त्यातून ओल सहज उडून जात नाही.

लावायचं कसं? करवंदं खाल्लीत की बिया धुऊन लगेच पेरा. ठेवून दिलेल्या बिया रुजत नाहीत. पिशवीत माती, वाळू, शेणखत घाला. वर्षभराचं रोप पुढच्या पावसाळ्यात उन्हाच्या जागी लावा, दोन रोपांत तीन-चार फूट अंतर ठेवून. बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नका, मुळं कुजतात. पहिले दोन उन्हाळे अधूनमधून पाणी द्या, पालापाचोळा पसरा. मग पावसावर सोडा. छाटणी फळं संपल्यावर, जूनमध्ये करा. फुलं फांद्यांच्या शेंड्याला येतात, थंडीत कात्री लावली तर फुलोराच जातो. काटे तीक्ष्ण असतात, म्हणून मुलांच्या वाटेवर नको. चिकाचे डाग कपड्यांवरून निघत नाहीत. जमीन नसेल तर गच्चीवरचा ड्रमही चालतो.

आमच्या कुंपणाशी अशी जाळी आहे. थंडी सरताना तिच्यावर पांढऱ्या चांदण्या फुलतात, संध्याकाळी वास अंगणभर पसरतो. उन्हाळ्यात पिकलेल्या फळांवर आमच्याआधी बुलबुल हजर!

डोंगर फोडले जाताहेत, घरं वर चढताहेत. स्टेशनबाहेरच्या त्या बायांना जाळ्यांसाठी दरवर्षी आणखी लांब चालावं लागतं. डोंगरावरचं झाड मात्र उपटून आणू नका. उद्या स्टेशनवर उतरलात की घासाघीस न करता एक द्रोण घ्या, मुलांबरोबर कोंबडा-कोंबडी खेळा, आणि बिया तेवढ्या धुऊन लगेच पेरा.