पोलादी शर्यती सायकलीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला की देऊळ, घाट किंवा फार तर एखादा वाडा डोळ्यांपुढे येतो; सायकल येत नाही. परंतु इंग्लंड, इटली व फ्रान्स या देशांत जुन्या शर्यती सायकली हुडकून त्यांना पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद असा फोफावला आहे की, त्यास दुसरा शब्द शोभत नाही. इटलीच्या टस्कनी प्रांतात गायोले या गावी १९९७ साली 'लेरोइका' नावाची सायकलफेरी सुरू झाली. गिअरचे खटके फ्रेमच्या तिरप्या नळीवर असावेत, ब्रेकच्या तारा हँडलाबाहेरून याव्यात आणि सायकल सामान्यतः १९८७ पूर्वीच्या घडणीची असावी, असे तिचे नियम आहेत.

मराठी श्रोत्यांच्या परिचयाची जुनी सायकल ती ही नव्हे. टपालवाले व दूधवाले जिच्यावरून हिंडले, ती दांडीच्या ब्रेकची, मागे कॅरिअर असलेली सायकल ओझे वाहण्यासाठी घडविलेली होती. शर्यती सायकल वेगासाठी घडली, आणि तिचे मर्म तिच्या नळ्यांत आहे. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली घेतले. सांध्यापाशी भारही अधिक आणि झाळताना लागणारी धगही अधिक, म्हणून पोलाद तेथे ठेवावयाचे. मध्यभागी ते अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर आणावयाचे. १९३५ साली याच कारखान्याने मँगनीज व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची '५३१' ही नळी बाजारात आणली, आणि पुढील कित्येक दशके हा आकडा चांगल्या इंग्रजी सायकलीची खूणच होऊन बसला.

म्हणूनच खरेदीदाराने त्या आकड्याच्या कागदावर विसंबू नये. असे कागद नवेही छापून मिळतात. नळी खोटे बोलत नाही. सीटचा दांडा उपसून त्याचा व्यास मोजावा. तो २७.२ मिलिमीटरच्या आसपास भरला, तर नळी साधारणतः पातळ व उंची समजावी. सव्वीस किंवा त्याहून कमी भरला, तर चकाकी कितीही असो, आत जाड आणि जड माल आहे. यानंतर आडव्या व तिरप्या नळीच्या खालच्या अंगावरून, हँडलाजवळच्या सांध्यामागे, बोट फिरवावे. तेथे बारीकशी लाट किंवा तडकलेला रंग लागला, तर ती सायकल कोठेतरी समोरून आदळलेली आहे. ती सोडून द्यावी.

पण सीटचा दांडा उपसलाच नाही तर? हाच खरा घात आहे. पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षे ग्रीसवाचून राहिला की, ओलावा व घाम यांच्या संगतीने दोन धातूंत क्रिया घडते. ॲल्युमिनियमवर साचणारे ऑक्साईड फुगते आणि दांडा नळीशी एकजीव झाल्यासारखा आवळला जातो. हँडलाच्या मानेचीही तीच गत. तेल मुरवून, दिवसेंदिवस वाट पाहून कधी तो सुटतो. बळजोरी केली तर नळीच पिळवटते. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो व पोलाद शाबूत ठेवतो हे खरे, परंतु तो कातडी व डोळे जाळतो, आणि त्या क्रियेतून पेट घेणारा हायड्रोजन निघतो. हा घरगुती उपाय नव्हे. किंमत ठरविण्याआधी दांडा हलतो की नाही, एवढे पाहिले तरी निम्मे पश्चात्ताप टळतात.

आटे हा दुसरा फसवा भाग. इंग्रजी फ्रेममध्ये पायडलच्या आसाचा उजवा कप उलट्या आट्याचा असतो. इटालियन फ्रेममध्ये दोन्ही कप सुलट आट्यांचे. हे न जाणता पाना लावणारा कप सोडवीत नाही, अधिकच आवळीत बसतो.

आता रंगाचा प्रश्न. हौशी माणूस सायकल घरी आणताच प्रथम रंग खरवडतो, आणि येथेच बहुतेकांच्या हातून भरून न येणारी हानी होते. कारागिराने हाताने ओढलेल्या रेषा, जुन्या दुकानाचा शिक्का, सांध्यांच्या कडेची नाजूक किनार, ही एकदा गेली की गेली. भट्टीतला नवा रंग गुळगुळीत असतो, पण तो सर्व सायकलींना एकच चेहरा देतो. गंज वरवरचा असेल तर ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य पाण्यात भाग भिजवून तो उतरतो. आम्ल विषारी असल्याने हातमोजे हवेत. नंतर स्वच्छ धुऊन, वाळवून, नळ्यांच्या आत तेल फिरवावे. गंज नळीच खात असेल, तर मात्र रंगाचा मोह सोडलाच पाहिजे.

हीच जुनेपणाची माया जिवाशी संबंध असलेल्या भागांवर दाखवू नये. ब्रेकची रबरे, तारा व टायर बेलाशक नवे घालावेत. जुने ॲल्युमिनियमचे हँडल वरून निर्दोष दिसते, पण वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनी आलेली चीर पट्टीखाली दडलेली असते. संशय आला की ते भिंतीवर टांगावे, हातात धरू नये. क्रोमच्या पोलादी रिमा पावसात ब्रेकला दाद देत नाहीत. त्यांच्या जागी आजच्या ७०० मापाच्या रिमा बसविता येतात. मात्र जुन्या सत्तावीस इंची चाकाहून त्यांची त्रिज्या चार मिलिमीटरनी कमी, तेव्हा ब्रेकचे रबर तितके खाली पोचते की नाही, हे रिमा घेण्यापूर्वीच पाहावे.

छर्रे तर नेहमी नवेच घ्यावेत. पुढच्या चाकास बहुधा तीन-षोडशांश इंचाचे, मागच्या चाकास व पायडलच्या आसास पाव इंचाचे. या सर्व खर्चात सर्वांत स्वस्त वस्तू तीच.