शाळेची विजेरी व जादा सेलांची पेटी



नांदगाव पेठेसारख्या गावी पावसाळ्यात वीज गेली आणि कपाटामागे साप दिसल्याचे मुलांनी सांगितले, की प्रथम आठवण होते ती विजेरीची. त्या वेळी जादा सेल कामास येतील की नाही, हे पुष्कळसे पेटीवर अवलंबून असते.

कंपासची रिकामी पत्र्याची पेटी टिकाऊ खरी. परंतु या कामी तीच वाईट. सेलाची दोन्ही टोके पत्र्यास वा आत पडलेल्या टाचणीस लागली, की प्रवाह सुरू होऊन सेल तापतो व रिता होतो. घट्ट झाकणाची जाड प्लॅस्टिकची पेटी घ्यावी, आत पुठ्ठ्याचे खण करावेत. नव्यांत जुने सेल मिसळू नयेत.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा कधी ४५ अंशांपुढे जातो. टिनाच्या छपराखालील फळी पेटीस योग्य नव्हे. सुटीपूर्वी विजेरीतीलही सेल काढावेत. साध्या सेलाचे जस्ताचे कवच झिजते, आतील क्षार पाझरतो आणि स्प्रिंग खातो. असे कित्येक विजेऱ्यांचे झाले असेल!

जुन्या पद्धतीचा बल्ब कापसात गुंडाळून काडेपेटीत ठेवावा. दोन सेलांस २.५ व्होल्टचा, तीन सेलांस ३.८ व्होल्टचा. पहिला तीन सेलांवर लावल्यास तार लवकर जळते.

पेटी कुलपातच असावी. गुंडीसारखे चपटे सेल तर मुलांच्या हाती पडूच नयेत. असा सेल गिळल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. मूल खेळत असले तरी त्यास तत्काळ अमरावतीस रुग्णालयात न्यावे.