गडगा, बोगदे आणि बाबांचे गुडघे

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. आई-बाबांना युरोप दाखवायचा तर टूरवाल्यांबरोबर पाठवावं, की आपण स्वतः घेऊन जावं? माझं उत्तर आहे, स्वतः घेऊन जा. पण त्यात मी एक मोठी चूक केली. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून आजचा एपिसोड.

आम्ही तिघंच होतो. आई, बाबा आणि मी. दहा दिवस, फक्त इटली. रोम, मग फ्लॉरेन्स आणि शेवटचे तीन दिवस चिंक्वे तेर्रे. गाडी भाड्याने घ्यायची नाही, ट्रेन आणि पाय, बस्स. सगळा प्लॅन मी एक्सेलमध्ये केला होता. तासातासाचा. ऑफिसमध्ये स्प्रिंट प्लॅन करतो ना, तसाच. बफर शून्य.

पहिले काही दिवस मस्त गेले. रोमचे रस्त्यातले नळ बाबांना जाम आवडले. लोखंडी खांबासारखे नळ, चोवीस तास वाहतं थंड पाणी, पिण्यासारखं आणि फुकट. बाटली बरोबर ठेवा, पाण्यावर एक पैसा खर्च होत नाही. रोम ते फ्लॉरेन्स फास्ट ट्रेनने साधारण दीड तास लागतो. ही तिकिटं लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात. लोकल गाड्यांचं उलट आहे, भाडं ठरलेलं, आयत्या वेळी काढलं तरी चालतं. फक्त कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये छापून घ्या. आम्ही विसरलो आणि दंड भरला. चूक आमचीच. पण बाबा पुढचा तासभर गप्प. आयुष्यात कधी विनातिकीट प्रवास न केलेला माणूस तो.

मग ला स्पेत्सियाला मुक्काम टाकला. तिथून चिंक्वे तेर्रेची पाच गावं काही मिनिटांवर आहेत. रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्नील्या, व्हेर्नात्सा, मोंतेरोस्सो. डोंगर थेट समुद्रात उतरलेला आणि त्याच्या कुशीत ही गावं. ट्रेन जवळजवळ पूर्ण बोगद्यातून जाते. अंधार, अंधार, मग दोन सेकंद निळाशार समुद्र, परत अंधार. बाबा खिडकीला नाक लावून बसलेले. म्हणाले, "कोकण रेल्वेच की रे ही!" खरंच आहे. आपल्या कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत, ती १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. इथली लाइन त्याच्या शंभरेक वर्षं आधीची.

दुसऱ्या दिवशी शीटमध्ये लिहिलं होतं, 'मोंतेरोस्सो ते व्हेर्नात्सा, चालत, साडेतीन किमी, दोन तास'. सकाळी बाबांना विचारलं, "जमेल ना?" ते म्हणाले, "न जमायला काय झालं?" आईने माझ्याकडे बघितलं, पण काही बोलली नाही.

मॅपवर साडेतीन किलोमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण तिथे सुरुवातीलाच दगडी पायऱ्यांचा चढ आहे, संपता संपत नाही. वाट इतकी अरुंद, की समोरून कोणी आलं तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. अर्ध्या वाटेवर बाबा एका दगडावर बसले. चेहरा पांढरा पडलेला. आईने पर्समधून गोळी काढून दिली आणि तेव्हा मला कळलं, की गुडघ्याची ही गोळी ते रोमपासून रोज घेत होते. मला सांगायचं नाही असं दोघांचं ठरलेलं.

मी चिडलो. "आधी सांगायचं ना!" बाबा शांतपणे म्हणाले, "तू पैसे भरले होतेस रे सगळ्याचे."

आता करायचं काय? मागे जा नाहीतर पुढे, अंतर तेवढंच. रिक्षा नाही, डोली नाही. रोलबॅकचा ऑप्शनच नाही. खरं सांगतो, घाबरलो होतो मी.

आईने डब्यातली फरिनाता काढली, सकाळीच घेतली होती. चण्याचं पीठ, पाणी आणि ऑलिव्ह तेल, भट्टीत भाजलेलं. आईच्या भाषेत 'बेसनाचं जाड धिरडं'. आम्ही तिथेच बसून खाल्लं. बाबांचा हात मागच्या भिंतीवर होता. एकदम वळून बघायला लागले. "अरे, हो तर आमचो गडगो!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गडगा म्हणजे कोकणातलं दगडी कुंपण. चुना नाही, सिमेंट नाही, दगडात दगड बसवून रचलेलं. चिंक्वे तेर्रेचा अख्खा डोंगर अशाच भिंतींवर उभा आहे. भिंत, तिच्या मागे मातीचा टप्पा, त्यावर द्राक्षं नाहीतर लिंबं. बाबा सांगायला लागले. मोठा दगड खाली, फटीत चिपा, भिंत थोडी आत कललेली हवी, पावसाचं पाणी फटींतून निघून गेलं पाहिजे. लहानपणी आजोबांबरोबर दर वर्षी पावसाळ्याआधी रचायचे म्हणे. मला हे कधीच सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

उरलेली वाट आम्ही भिंती बघत, दर दहा मिनिटांनी बसत केली. दोन तासांचे चार झाले. व्हेर्नात्सा वरून दिसलं तेव्हा आईने चक्क टाळ्या वाजवल्या.

रात्री मी थोडं वाचलं. हा भाग १९९७ पासून जागतिक वारसा आहे. अशा भिंती रचण्याची कलाही युनेस्कोने २०१८ मध्ये इटली, ग्रीस, स्पेन अशा आठ देशांच्या नावाने यादीत घेतली. पण तरुण पोरं नोकरीला शहरात गेली, की टप्पे पडीक होतात. भिंत ढासळली, की माती घसरते. २५ ऑक्टोबर २०११ च्या पावसात व्हेर्नात्साचा मुख्य रस्ता चिखल-दगडांनी भरून गेला होता, माणसंही गेली. बाबांना वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "आपलाही मागचा गडगा पडलाय. दोन वर्षं झाली."

गावी जाऊन मला सहा वर्षं झालीत.

तिसऱ्या दिवशी शीट बंद. कोर्नील्याला स्टेशनपासून गावात जायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत, पण बसही आहे. आम्ही बस घेतली. दुपारभर एका बाकावर बसलो. ट्रिपमधला सगळ्यात भारी दिवस तो.

तर माझी चूक काय? 'जमेल ना?' असं विचारलं, की आई-बाबा हो म्हणणारच, विशेषतः पैसे तुम्ही भरले असतील तर. त्यापेक्षा जायच्या महिनाभर आधी त्यांच्याबरोबर बिल्डिंगचे चार मजले चढा. स्वतः बघा. औषधं कोणती चालू आहेत, ते आईला विचारा. अंतर नाही, चढ बघा. आणि एका दिवसात एकच गोष्ट ठेवा.

बाकी, मे महिन्याची तिकिटं काढलीत. मांडवी एक्स्प्रेस, तिघांची. गडगा रचायचाय, बाबा बसून सांगणार आणि दगड मी उचलणार. कसा झाला ते पुढे एखाद्या एपिसोडमध्ये सांगेनच. तोवर काळजी घ्या, आणि आज घरी एक फोन करा. भेटूया!